मंगे, त्यांना सांग

आमच्या घरात राग आला की भाषा शुद्ध व्हायची. एरवी भडगावच्या त्या घराचा सगळा कारभार अहिराणीत चाले. जेवायला हाक अहिराणीत, ओरडा अहिराणीत, म्हशीशी बोलणंही अहिराणीत. अहिराणीत थोरल्या भावालाही ‘तू’च म्हणतात आणि बापालाही. पण कुणाचं बिनसलं की तो माणूस शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा बोलायला लागे. ‘शे’चं ‘आहे’ होई, ‘तू’चं ‘आपण’ होई. माय म्हणे, तुझा बाप ‘कृपया’ म्हणाला की समजायचं, आज काही खरं नाही. मी आता धुळ्याला देवपुरात राहते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, शुद्ध बोलण्याचाच पगार खाल्ला. तरी अजून माझ्याशी कुणी फार नीट बोलायला लागलं की मी आधी विचारते, माझं काय चुकलं?

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतेय त्या उन्हाळ्यात आमचं घर असंच शुद्ध झालं होतं. माझे वडील थोरले. त्यांना सगळं गाव आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणे. ते शेती बघत. धाकटे काका म्हणजे नाना, गावातल्या शाळेत मास्तर. दोघांचं वाजलं ते एका कडुलिंबावरून. नानांनी लहानपणी बांधावर लावलेला कडुलिंब आबांनी केळीवर सावली पडते म्हणून तोडला, आणि नानांना न विचारता तोडला. एवढंच. आता मलाच हसू येतं, पण तेव्हा शब्दाला शब्द लागत गेला. ‘तुम्ही शेतात पाय तरी कधी ठेवता’ इथून सुरू झालं आणि ‘वाटणी करून टाका’ इथवर गेलं. मग दोघांनी अबोला धरला. अबोला म्हणजे बोलणं थांबलं असं नाही हं. एका घरात राहायचं, एका पंगतीला बसायचं, जीप दोघांची, म्हैस दोघांची. निरोप तर गेलेच पाहिजेत. ते निरोप न्यायला मी होते.

माझं नाव मंगल, घरात मंगे. आबा ताटावर बसून समोरच्या नानांकडे न बघता म्हणत, “मंगे, त्यांना सांग, उद्या जीप मला लागेल.” नाना भाकरी कुस्करत म्हणत, “मंगे, त्यांना सांग, खुशाल न्या म्हणावं.” दोघांमध्ये अंतर दोन हातांचं. तरी मी इमानदारीने एकाकडून दुसऱ्याकडे तोंड वळवून सगळं परत म्हणायची, कारण मी म्हटल्याशिवाय ते ऐकलं असं कुणी धरत नसे. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचंही. नुकती परकर-पोलक्यातून बाहेर पडलेली पोर मी, एरवी मला कोण विचारत होतं? फक्त एक घोटाळा होता. अहिराणीत ‘मागे’ला ‘मांगे’ म्हणतात. कुणी ‘मांगे सरक’ म्हटलं की मी ओ द्यायची, आणि मला हाक मारली की माणसं मागे वळून बघायची. यावरून माझी कायम थट्टा चाले. काकू तर मुद्दाम म्हणायची, “मंगे, मांगे देख,” आणि मी खरंच बघायची.

पण भावांच्या भांडणात खरा जीव अडकला होता तो माय आणि काकूचा. काकू लग्न होऊन आली तेव्हा अगदी पोरसवदा होती, भाकरी थापताना तिला रडू यायचं. मायने तिला हाताला धरून शिकवलं, आणि जावा-जावांचं जे काही असतं ते या दोघींत कधी झालंच नाही. आमच्या चुलीला लागून वैल होती. चुलीचा जाळ आतून वैलीत जातो, तेव्हा एका आगीवर दोन भांडी होतात. माय चुलीवर भाकरी टाके आणि काकू वैलीवर डाळ शिजवे. दोघींचे गुडघे एकमेकींना लागलेले असत, आणि कुणाला काय हवं ते मागावंही लागत नसे. हात पुढे यायचा आणि त्यात मीठ पडायचं. वाटणीत ठरलं होतं की शेत निम्मं, घर निम्मं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली की गवंडी यायचा होता. आखाजीला बायका झोके घेतात, गाणी म्हणतात, आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचं कौतुक. त्या वर्षी या दोघी एका झोक्यावर बसल्या, पण गाणं काही म्हणेनात. सांजोऱ्या तळताना काकूने एकदाच विचारलं, “अक्का, चूल तुले अन् वैल माले, असं व्हई का व?” मायने झाऱ्या उगाच कढईवर आपटला.

दुसऱ्या दिवशी मायने जेवणात दोघा भावांसमोर, कुणाच्याही तोंडून न बोलता, स्वतःच सांगितलं, “भीत घाला. पन आगोदर आमले दोन्हीसले थंडी हवा दखाडा.” भर मे महिन्यात खान्देशात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. घागरीला ओलं फडकं गुंडाळायचं, दारांना गोणपाट लावायचं आणि उलथंपालथं होत पडायचं. त्यात या बाईने थंड हवा मागितली. तिची मागणी वावगी आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण इतक्या वर्षांत तिने काही मागितलंच नव्हतं. मग आबा म्हणाले, “मंगे, त्यांना विचार, महाबळेश्वरला थंडी असते ना?” नाना म्हणाले, “मंगे, त्यांना सांग, असते असं पुस्तकात आहे.” अशी आमची सहल ठरली.

तयारी बघायला गल्ली लोटली होती. दशम्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, उरलेल्या सांजोऱ्या, केळ्यांचा घड. उन्हाळ्यात भरिताची वांगी मिळत नाहीत, पण काकूने विहिरीजवळ चार झाडं पाणी घालून जगवली होती. ती वांगी तिने फडक्यात गुंडाळून घेतली. थंड हवेत गरम भरीत खायचं हे दोघींनी मनाशी धरलं होतं. आणि भरीत करायचं तर वांगी भाजायला पऱ्हाट्या पाहिजेत. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं वाळलेलं झाड, आमचं वर्षाचं सरपण. महाबळेश्वरच्या जंगलात लाकडांना काय तोटा, असं आबांनी सवयीने मायलाही माझ्याच तोंडून सांगितलं. माय म्हणाली, दुसऱ्या लाकडावर वांगं भाजलं तर त्याला घरचा वास येत नाही. मग पऱ्हाट्यांचा हा एवढा भारा जीपच्या मागच्या बाजूला उभा बांधला. टपावर अंथरुणं आणि ताडपत्री, मागे भारा. आरसा आत होता तो भाऱ्यापलीकडे काहीच दाखवीना. बाहेर आरसा नव्हताच.

माझी सून आता पोरांना घेऊन कुठे कुठे जाते. फोन पुढे लावलेला असतो आणि त्यातली बाई सांगत राहते, आता डावीकडे वळा, आता सरळ चला. मला त्या बाईची दया येते. तिचंही काम निरोप्याचंच, आणि तिला तर जेवायलाही कुणी विचारत नाही. आमच्या जीपमध्ये ती बाई मीच होते. आबा गाडी चालवत. त्यांच्या शेजारी मी, आणि मागे नाना, माय, काकू आणि नानांची दोन लहानगी. रस्ता नानांना ठाऊक होता, कारण त्यांनी नकाशा पाहिला होता. “मंगे, त्यांना सांग, चाळीसगाव आलं की डावीकडे.” कन्नडचा घाट असा चढलो. औरंगाबाद, मग नगर. वाटेत लिंबाखाली फडकं पसरून जेवलो. नानांनी आपल्या हाताने काढलेल्या पाण्याचा तांब्या आबांच्या पुढ्यात सरकवला, तोही माझ्या हातून. ताडपत्री फडफडत होती, लहानगी भांडत होती, आणि माय नि काकू मागे आखाजीची गाणी म्हणत होत्या. घरी झोक्यावर जी फुटली नाहीत ती गाणी जीपमध्ये कशी फुटली कोण जाणे. पुण्याला एका धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना वाई मागे टाकली आणि घाट सुरू झाला.

घाट म्हणजे काय ते कन्नडला कळलं, असं आम्हाला वाटलं होतं. हा निराळाच होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली कृष्णेचं खोरं, आणि मध्येच वळवाचे ढग खाली उतरून रस्त्यावर बसले. काकू हात बाहेर काढून ओला झालेला तळवा मायच्या गालाला लावत होती. दोघी पोरींसारख्या खिदळत होत्या. एवढ्यात एका अवघड वळणावर समोर ट्रक बंद पडलेला, त्याच्या पलीकडे एस.टी. अडकलेली. एस.टी.चा कंडक्टर पळत आला आणि म्हणाला, जीप थोडी खाली घ्या, तिथे रस्ता रुंद आहे, मग आमची गाडी निघेल. खाली घ्यायची म्हणजे उलटी घ्यायची, उतारावर, ढगात, आणि मागे पऱ्हाट्यांचा भारा. आबांनी आयुष्यभर गाडी शेतात आणि सपाट रस्त्यावर चालवलेली. त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला. पण ते नानांकडे वळले नाहीत. “मंगे, त्यांना म्हणावं, उतरून मागे बघता का.” मी म्हटलं. नाना उतरले आणि धुक्यात गेले.

मग असं सुरू झालं. नाना मागून म्हणत, “मंगे, त्यांना सांग, येऊ द्या.” मी आबांना म्हणे, येऊ द्या. गाडी हातभर मागे जाई. “मंगे, सांग, जरा डावीकडे.” मी म्हणे, डावीकडे. निरोप पोचेपर्यंत गाडी निरोपाच्या पुढे गेलेली असे. माय आणि काकूचं गाणं कधीच थांबलं होतं. काकूने लहानग्यांना पोटाशी धरलं होतं आणि मायने काकूला. आणि मग नाना मागून मोठ्याने ओरडले, “मांगे! मांगे!”

आबांना वाटलं, मला हाक आहे. मलाही तेच वाटलं. “बघ गं, काय म्हणतायत,” असं म्हणत आबांनी गाडी मागे घेणं चालूच ठेवलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर झाले आणि ओ दिली. धुक्यात नाना दिसत नव्हते. पुन्हा आवाज आला, “मांगे! मांगे!” आणि मी पुन्हा शहाण्यासारखी ओ दिली. कडेचा एक दगड निसटून खाली गेला आणि तो पडल्याचा आवाज काही येईना. तेवढ्यात जीपच्या पत्र्यावर थाडथाड हात आपटले आणि नानांचा असा आवाज आला, जो मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

“आबा! थांब रे आबा! मांगे काहीच नही शे!”

आबांनी ब्रेक दाबला. जीप थरथरून उभी राहिली. आबांनी स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मी आबांना घाबरलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मान न वळवता, पण माझं नाव न घेता, ते बोलले.

“नाना, आते काय करू?”

“हालू नको,” मागून आवाज आला. नाना भाऱ्याला लागून उभे होते, पाठीशी ढग. “मी शे ना मांगे.”

त्यानंतर दोघांत जे बोलणं झालं त्यात एकही शुद्ध शब्द नव्हता. थोडी पुढे ले, डावाकडे वळाव, आजून, आजून, आते बस. आबा म्हणत, दिसस का रे तुले? नाना म्हणत, दिसस, तू ये. जीप हळूहळू रुंद जागेला लागली. एस.टी. निघून गेली, ट्रकही कुणीतरी ढकलला. नाना येऊन मागे बसले, पँटला चिखल लागलेला. काकूने पदराने तो पुसायला घेतला आणि पुसता पुसता रडायला लागली. मी समोर बघत बसले होते. मला पहिल्यांदाच काही काम उरलं नव्हतं.

पण गोष्ट इथे संपली असं समजू नका. वर गावाच्या तोंडाशी जंगलखात्याच्या नाक्यावर आम्हाला अडवलं. भारा बघून तो शिपाई म्हणाला, लाकूड कुठे तोडलं? पऱ्हाटी ही चीज त्याने जन्मात पाहिली नव्हती. आबा आणि नाना दोघेही एकाच वेळी त्याला समजावायला लागले, अगदी एका तोंडाने, फक्त एकमेकांकडे न बघता. काकूने भाऱ्यातून कापूस चिकटलेलं एक वाळकं बोंड तोडून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, मग हे एवढ्या लांबून इथे कशाला आणलं? मायने सांगितलं, वांगी भाजायला. तो शिपाई इतका हसला की त्याने आम्हाला चहा पाजून सोडलं. पुढे उतरलो त्या लॉजच्या माणसाने मात्र अंगणातही जाळ करू दिला नाही. वांगी फडक्यात सुकली, आणि भारा जसा बांधला तसाच राहिला.

माय आणि काकू थंडीने खूश होत्या. एकाच गोधडीत दोघी गुंडाळून एका पॉइंटवर बसल्या. समोर ढग सोडून काही दिसत नव्हतं. काय दिसतंय, म्हणून मी विचारलं तर काकू म्हणाली, काही नाही, बठ्ठं पांढरं, म्हणजे सगळं पांढरंच. तरी दोघी उठायला तयार नव्हत्या. मला तेव्हा ते कळलं नाही. आता वाटतं, त्या तिथे हवा खायला बसल्याच नव्हत्या. घरी गेल्यावर अशी मांडीला मांडी लावून बसायला जागा राहणार नाही, म्हणून त्या बसल्या होत्या. काकू आता ऐंशीच्या घरात आहे. माय जाऊन बरीच वर्षं झाली. काकूकडे गेले की ती अजून भाकरीचं पीठ मळताना उजवा हात मधेच पुढे करते आणि थांबते.

आणि भाऊ? मला वाटलं होतं घाटात सगळं मिटलं. कसलं काय. खाली उतरलो, ढग गेले, ऊन लागलं, आणि दोघांना एकमेकांची लाज वाटायला लागली. आबा आधी बोलतील म्हणून नाना थांबले आणि नाना बोलतील म्हणून आबा. चाळीसगाव येईपर्यंत मी पुन्हा कामावर रुजू झाले होते. “मंगे, त्यांना सांग, गाडीत पाणी घालायचंय.” मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

परत आल्यावर लगेचच गवंडी आला. त्याने स्वयंपाकघरात दोरी धरली. दोरी बरोबर चूल आणि वैल यांच्या मधून गेली. माय चुलीपुढे बसलेली, काकू वैलीपुढे. दोरी दोघींच्या खांद्यांमधून चाललेली, तरी दोघींनी मान वर केली नाही. मायची भाकरी तव्यावर होती, ती तिने उलटली. काकूचे ओठ मात्र पांढरे पडले होते. आबा चुलीच्या बाजूला उभे होते, नाना त्यांच्या पाठीशी दाराला टेकून. गवंडी विचारत होता, इथूनच घेऊ ना? आबांनी घसा साफ केला आणि अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, “मंगे, त्यांना विचार, भिंत इथून घेतली तर त्यांची काही हरकत आहे का.”

मी त्या दोरीकडे बघत होते. निरोप माझ्या तोंडाशी आला होता, सवयच होती तशी. पण मी नानांकडे वळले नाही.

“आबा,” मी म्हटलं, “नाना तुन्हा मांगेच शे.”

आबा रागावतील म्हणून मी डोळे मिटले होते. तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला. मायच्या हातून भाकरी करपलेली मी तेवढीच पाहिली. मी डोळे उघडले तेव्हा आबा मागे वळले होते. दोघे भाऊ समोरासमोर उभे होते.

“नाना,” आबा म्हणाले, “काय करू?”

नानांनी वाकून दोरीचं टोक उचललं आणि गुंडाळायला लागले. “चुलीजोडे नको,” ते म्हणाले. “भीत आंगनमा घाल.”

शेत वाटलं गेलंच. अंगणात भिंतही आली, गुडघ्याएवढी. पुढे तिच्यावर आम्ही कुरडया आणि पापड वाळवले, याखेरीज तिचा कुणाला काही उपयोग झाला नाही. कडुलिंब दुसरा कुणी लावला नाही. आबांना माफी मागता येत नसे आणि नानांना ती दिल्याचं दाखवता येत नसे, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. पण त्या संध्याकाळी काकू विहिरीवर जाऊन झाडाची ताजी वांगी तोडून आली आणि मायने नानांना सांगितलं, जीपचा भारा सोड. महाबळेश्वर बघून आलेल्या त्या पऱ्हाट्या अंगणात पेटवल्या. वांग्यांची सालं तडतडली, सगळ्या गल्लीत वास सुटला. माय आणि काकूने एका लाकडी बडगीत आळीपाळीने भरीत ठेचलं आणि सगळे एका पंगतीला बसलो. आबा म्हणाले, ठेचा इकडे दे रे. नाना म्हणाले, घे, पन तिखट शे. मी दोघांच्या मध्ये बसले होते. जेवण संपेपर्यंत मला एकदाही कुणी हाक मारली नाही.